खंडेनवमीला उठलेली पंगत

मित्रांनो, नवनाथला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यांच्यापुढची गच्ची. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिच्या कॉकवरून घरात वर्षभर शिव्या चालायच्या. खोल्यांमध्ये त्याला तालीम काढायची होती. लोखंडी वजनं कुठे ठेवायची आणि आरसा कुठल्या भिंतीला लावायचा, हेसुद्धा त्यानं मनात ठरवून टाकलं होतं. आणि हे मिळवायला त्यानं करायचं काय? धाकट्या भावाच्या बायकोचं नेट तोडायचं. बाकीचं आपोआप होणार होतं. इतका स्वस्त सौदा समोर आला की माणूस वजनकाटा तपासत नाही.

मी एक जुना राउटर आहे. सातपूरच्या अशोकनगरात एका दुमजली घराच्या जिन्यावर, अगदी वळणावर, खिळ्याला टांगलेला असतो. पूर्वी मला दोन कान होते, म्हणजे अँटेना. आता एकच आहे. दुसरा कसा गेला, तीच माझी कहाणी.

माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. माझ्या हिरव्या पाटीला आधी भोकं पाडली, मग तिच्यावर तापलेलं कथिल सोडलं, मग झाकण दाबून चारी बाजूंनी स्क्रू पिळले. तेव्हा वाटलं, सोसायचं ते सोसून झालं. पण खोक्यातून बाहेर आलो तो थेट नवनाथच्या घरी, आणि तिथं हातानं बोलायची पद्धत होती. दार उघडायचं ते लाथेनं. मिक्सर चालला नाही की त्याला थप्पड. मला बसवायला केबलवाला आला, तेव्हा दोघा भावांनी एकमेकांची गचांडी धरलेली होती. मोठा म्हणत होता, खाली लाव. धाकटा म्हणत होता, वर लाव. केबलवाला बिचारा हातोडी घेऊन जिन्यावर उभा.

शेवटी त्यांची आई आली. वत्सलाबाई. देवळ्याकडची बाई, नवऱ्यामागं कारखान्याच्या चाळीत आली आणि त्याच्या माघारी हे घर तिनंच उभं ठेवलं. तिनं केबलवाल्याच्या हातून खिळा घेतला आणि बरोबर वळणावर धरला. "हितं ठोक," ती म्हणाली. "ना याचं, ना त्याचं."

असा मी दोघांच्या मध्ये लटकलो, एक वायर खाली आणि एक वर.

खाली नवनाथचं दुचाकीचं गॅरेज. मागच्या खोलीत तो, त्याची बायको रोहिणी आणि आई. गॅरेजात भिंतीवर मोठा टीव्ही, आणि त्यावर सकाळी शटर उघडल्यापासून कुस्त्या नाहीतर मारामाऱ्या. गिऱ्हाइकाचा ब्रेक घट्ट करताना समोर कोणीतरी कोणालातरी आपटत असलं म्हणजे नवनाथच्या हाताला जोर यायचा. वर धाकटा अमोल आणि त्याची बायको हर्षाली. अमोल कारखान्यात प्रेस मशीनवर होता. एका पाळीला मशीन त्याच्या आधी खाली आलं आणि उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेलं. अंगठा आणि करंगळी उरली. तेव्हापासून वरचं घर हर्षालीच्या कामावर चालायचं. पुण्याच्या एका कंपनीची ती घरबसल्या नोकरी करायची. दिवसभर लोक फोन करून तिच्यावर ओरडायचे आणि ही "हो सर, समजलं सर" म्हणत त्यांच्या तक्रारी टिपून घ्यायची. नोकरी लागली त्या दिवशी तिनं माझ्या डोक्यावर पेढा ठेवला होता. मुंग्या झाल्या, पण मान मिळाला.

कंपनीची अट मात्र एकच: फोन मध्ये तुटता कामा नये. तुटत राहिला तर काम बंद. आणि काम बंद झालं तर अमोल-हर्षालीला गाशा गुंडाळून तिच्या माहेरी, कळवणला जावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नवनाथला तर जरा जास्तच ठाऊक होतं.

एका रविवारी गॅरेजात टीव्हीवर मोठी कुस्ती लागली होती आणि वर हर्षालीचा फोन तीनदा तुटला. ती जिन्यात आली.

"भाऊजी, थोडा वेळ टीव्ही बंद ठेवता का? माझा कॉल अडकतोय."

"टीव्हीचा आणि तुझ्या कॉलचा काय संबंध?" नवनाथ मान वर न करता म्हणाला. "तो टीव्ही आहे. नेट मोबाईलला लागतं."

"टीव्ही पण नेटवरच चालतो, भाऊजी."

"मग लाईटवर काय चालतं, मी?"

गॅरेजातली दोन गिऱ्हाइकं हसली. ती हसली नसती तर कदाचित पुढचं घडलं नसतं. अमोल वरून धावत आला, आला तसा त्यानं टीव्हीची पिन उपटली. नवनाथनं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की माझा खिळासुद्धा हलला. अमोलनं भावाच्या दंडाला दात लावले. मग दोघं पेट्रोलच्या डबड्यांवरून लोळत दारापर्यंत गेले. नवनाथ त्याचं डोकं शटरच्या पत्र्यावर आपटत होता आणि पत्रा देवळातल्या घंटेसारखा वाजत होता. हर्षाली मागून नवनाथचा शर्ट ओढत होती. शर्ट फाटला, माणूस हलला नाही. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या आधी बाहेर काढायला धावली.

वत्सलाबाईनं भरलेली बादली उचलली आणि दोघांवर ओतली.

"दमला का?" तिनं विचारलं. "आता ऐका. दसऱ्यापर्यंत हे यंत्र मोजंल. कोण किती खातं ते. ज्याचं जास्त निघंल, त्याची वायर दसऱ्याला तोडायची, त्यानं आपली सोय बाहेर बघायची. तवर कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा नाय. आणि दसऱ्याआधी कोणी त्यात बघायचं पण नाय."

"चालेल," नवनाथ ओठावरचं रक्त पुसत म्हणाला.

"चालेल," अमोल म्हणाला. त्याच्या तोंडातून दाताचा तुकडा पडला.

दोघांनाही पक्की खात्री होती की दुसराच जास्त खातो. भांडणात माणसं खोटं बोलतात असं लोक म्हणतात, मित्रांनो. मी पाहिलं ते उलट. हे दोघंही मनापासून खरं मानून बोलत होते, आणि त्यामुळेच मागं हटत नव्हते.

मोजायची व्यवस्था करायला सनी आला. सनी म्हणजे रोहिणीचा धाकटा भाऊ. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. नवनाथचा मेहुणा असला तरी या कामात तो पंच म्हणून नेमला गेला, कारण घरात दुसऱ्या कोणाला माझ्या पोटात शिरता येत नव्हतं.

"दाजी, एक अडचण आहे," माझी तपासणी करून तो म्हणाला. "हा मोजतो बरोबर, पण लाईट गेली की सगळं विसरतो. तुमचं वेल्डिंग सुरू झालं की मीटरचं बटण पडतं. म्हणजे रोज याची पाटी कोरी."

"मग?"

"मग याला वही द्यायची." त्यानं माझ्या पाठीत एक पेनड्राइव्ह खुपसला. "हा दर तासाला सगळे आकडे यात लिहून ठेवेल. त्याला बॅकअप म्हणतात. लाईट आली की तेच आकडे परत पोटात घेईल. त्याला रिस्टोअर म्हणतात. दहा वेळा बटण पडू द्या, एक आकडा हलणार नाही."

"सासुरवाडीकडून काहीतरी कामाचं आलं," नवनाथ म्हणाला. ही त्याची शाबासकी होती.

सनीनं सांगितलं ते खरं होतं. पण एक गोष्ट त्यानं सांगितली नाही, कारण त्यालाच ती ठाऊक नव्हती. माझ्याकडचा हिशोब माणसाच्या नावानं नसतो, मित्रांनो. तो पाटाच्या नावानं असतो.

असं समजा, माझ्याकडे कायमची पंगत बसलेली आहे. जे यंत्र आधी येतं त्याला मी पहिला पाट देतो, नंतरच्याला दुसरा. मग प्रत्येक पाटावर किती वाढलं ते मोजत राहतो. गॅरेजातला टीव्ही सगळ्यात आधी जोडला होता, म्हणून पहिला पाट त्याचा. हर्षालीचा लॅपटॉप शेवटी आला, म्हणून शेवटचा पाट तिचा. कोणी तक्ता उघडून पाहिला की पाटासमोर मी आत्ता तिथं कोण बसलंय त्याचं नाव दाखवतो. काल तिथं कोण बसलं होतं, हे मला विचारायची कोणाला गरज वाटत नाही, आणि विचारलं तरी माझ्याकडे ते लिहिलेलं नसतं. लाईट क्षणभर जाते तेव्हा काही बिघडत नाही. सगळी मंडळी आपापल्या पाटावर हात ठेवून बसतात आणि लाईट आली की तिथंच जेवायला लागतात.

तर मोजणी सुरू झाली. पहिल्या पाटावरचा टीव्ही बकासुरासारखा खात होता. शेवटच्या पाटावरची हर्षाली चिमणीएवढं. बोलणंच ते, आवाजाला कितीसं लागतं? श्रावणात तर ती बहिणीच्या बाळंतपणाला आठवडाभर कळवणला गेली, लॅपटॉप बरोबर घेऊन गेली, आणि तिचा पाट तेवढे दिवस कोरडा राहिला. मला सगळं दिसत होतं. निकाल काय लागणार हेही दिसत होतं. घरात मात्र शब्द पाळला गेला. कोणी तक्ता उघडला नाही, कोणी कोणाला मारलं नाही. नवनाथचा हात शिवशिवला की तो येऊन मला एक टपली मारायचा. एकदा चप्पल फेकली. अमोल वरून उतरताना मुद्दाम खांदा घासून जायचा. भावाला नाही, मला. शांततेच्या काळात मार खायला कोणीतरी लागतंच.

आणि मग खंडेनवमी आली.

या घरात खंडेनवमी म्हणजे मोठा सण. हत्यारानं वर्षभर पोट भरलं, तर एक दिवस त्याला हात लावायचा नाही, त्याला धुऊनपुसून पाटावर बसवायचं आणि त्याची पूजा करायची, असा वत्सलाबाईचा नेम. गॅरेजातले पाने, पकडी, हातोड्या, जॅक, वेल्डिंगचं यंत्र, सगळं तिनं ओळीनं मांडलं. अमोलची कारखान्यातली जुनी कानस आणली. हर्षालीचा लॅपटॉपही मागितला. हर्षालीनं त्यासाठी रजा टाकली होती. सासूच्या या एका हट्टापुढं ती कधी नाही म्हणायची नाही.

मग वत्सलाबाईची नजर वर गेली. माझ्याकडे.

"ह्यो पण वर्षभर राबलाय," ती म्हणाली. "ह्याला पण विसावा."

"आई, तो बंद नाही करायचा," अमोल म्हणाला.

"का बरं? त्याला जीव नाय?"

"अगं, त्यात हिशोब आहे."

"बॅकअप आहे मावशी, काढा खुशाल," सनी म्हणाला. तो पुरणपोळीसाठी आला होता.

वत्सलाबाईनं स्वतःच्या हातानं माझी वायर काढली. उजव्या हाताच्या बोटानं माझ्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू, मग झेंडूचं फूल खोचलं. बोट खरबरीत होतं, पण दाब इतका हलका की अख्ख्या आयुष्यात मला तसा कोणी हात लावलेला नव्हता. मग अंधार झाला. पूर्ण दिवस मी बंद होतो.

पूर्ण दिवस, मित्रांनो. इतका वेळ पाटावर हात ठेवून कोण बसतं? पंगत उठली.

दसऱ्याला सकाळी वायर जोडली गेली. मी पेनड्राइव्ह वाचला आणि पाटापाटावर जुने आकडे जसेच्या तसे वाढून ठेवले. पहिल्या पाटावर डोंगर, शेवटच्यावर चमचाभर. एक आकडा हलला नाही, सनी म्हणाला होता तसंच. मग मंडळी यायला लागली. हर्षालीच्या कंपनीला दसरा नसतो. तिचा लॅपटॉप सगळ्यात आधी दारात उभा राहिला आणि म्हणाला, जागा द्या. मी त्याला पहिला पाट दिला. नवनाथनं सणाचं गॅरेज उशिरा उघडलं. टीव्ही आला तेव्हा शेवटचा पाट तेवढा उरला होता.

दुपारी आपट्याची पानं वाटून झाली. दोघा भावांनी एकमेकांना सोनं दिलं, मिठीही मारली. आईसमोर मारावी लागते तशी. मग सगळे जिन्यात जमले. खाली नवनाथ आणि सनी, वरच्या पायरीवर अमोल आणि हर्षाली, मध्ये वत्सलाबाई. नवनाथच्या खिशात पकड होती. तिच्या मुठीवर कालचं कुंकू होतं.

सनीनं मोबाईलवर तक्ता उघडला. वाचला. पुन्हा वाचला.

"बोल की," नवनाथ म्हणाला.

"एक नंबरला... हर्षाली लॅपटॉप."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही सगळ्यात खाली आहे, दाजी. काहीच नाही म्हणजे."

नवनाथ मोठ्यानं हसला नाही. फक्त मान हलवली, वर्षानुवर्षांचं येणं वसूल झाल्यासारखी. "टीव्ही आहे तो," तो म्हणाला. "नेट नाही. म्हणालो होतो की नाही?"

"हे शक्य नाही," हर्षाली म्हणाली. "सनीभाऊ, मला दाखवा. दिवसांचं दाखवा. श्रावणातलं बघू द्या."

"आता श्रावण आणि भादवा कशाला?" नवनाथनं पकड काढली. "यंत्र खोटं बोलतं का? आई, तुझा शब्द होता."

वत्सलाबाईनं पदर ओढून घेतला. शब्द तिचाच होता.

नवनाथ दोन पायऱ्या चढला आणि त्यानं माझ्यापासून वर जाणारी वायर पकडीत धरली. अमोलनं वरूनच त्याच्या छातीवर लाथ घातली. नवनाथ मागं कोसळला, सनीला घेऊन. सनीचं डोकं कठड्याला लागलं आणि तो तिथंच बसला. अमोल भावाच्या अंगावर उतरला. डाव्या हातानं मारत होता, उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांनी गळा धरत होता. दोन बोटांत गळा मावत नाही. नवनाथनं डोकं पुढं घातलं, अमोलचं नाक फुटलं, भिंतीवर फवारा उडाला. दोघं पायरीपायरीनं आपटत खाली गेले आणि मांडलेल्या हत्यारांवर जाऊन पडले. पाट उलटला. फुलं, हळद, पाने, पकडी, सगळं फरशीवर. "सोड त्याला, दादा नाहीस का त्याचा," असं रोहिणी आतून ओरडत होती, पण ती दाराच्या पुढं आली नाही.

नवनाथ उठला तेव्हा त्याच्या हातात चाकाचा मोठा पाना होता. त्यावर कुंकू होतं आणि आता रक्तही. कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं.

अमोल रांगत जिन्यावर आला. वर पळेल असं वाटलं. तो पळाला नाही. माझ्यासमोर पाठ टेकून उभा राहिला आणि वायरवर आपला चांगला हात ठेवला, डावा. "तोड," तो म्हणाला. "हे आधी तोड, मग वायर."

पहिला घाव त्याला चुकवून माझ्यावर आला. माझा कान तुटून खाली गेला, माझं झाकण फुटलं. दिवे मात्र चालूच राहिले.

"दादा, टीव्हीचं आहे ते," हर्षाली ओरडत होती. तिनं सनीच्या हातातून मोबाईल घेतला होता. "मी कळवणला होते ते दिवस पण यात भरलेत. बघा तरी." भाऊजी म्हणायचं ती विसरली होती.

नवनाथनं पाहिलं नाही. त्याचे डोळे वायरवरच्या पाच बोटांवर होते. पाना वर गेला. आणि खाली येताना त्याच्या वाटेत वत्सलाबाईचा हात आला.

तिनं तो मुद्दाम घातला की अडवायला घातला, हे मला सांगता येणार नाही. ती मध्येच उभी होती. पहिल्यापासून मध्येच उभी होती. मनगटाचा आवाज झाला, वाळलेली फांदी पायाखाली यावी तसा. ती किंचाळली नाही. "झालं का समाधान," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. उजव्या हाताचा पंजा भलत्याच दिशेला वळलेला होता.

गॅरेजात टीव्ही चालूच होता. कोणीतरी कोणाला तरी चीत केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढंही मी मोजलं.

रिक्षा आली, सगळे सिव्हिलला गेले. थोड्या वेळानं सनी आणि हर्षाली परत आले, वत्सलाबाईचं आधार कार्ड न्यायला. हर्षाली कार्ड शोधून बाहेर आली आणि माझ्यापुढं थांबली. तिच्या कपाळावर कोणाचं तरी रक्त वाळलं होतं.

"सनीभाऊ, आता दाखवा दिवसांचं."

सनीनं दाखवलं.

"हा श्रावणातला आठवडा. मी कुठे होते?"

"कळवणला."

"लॅपटॉप?"

सनीनं तो आठवडा पुन्हा वरखाली करून पाहिला. मग गॅरेजात गेला आणि त्यानं टीव्ही बंद केला. परत येऊन पाहिलं, तर शेवटच्या पाटावरचं वाढप थांबलं होतं. त्याला कळलं. मोबाईल दुरुस्त करणारा माणूस तो, मूर्ख नव्हता.

"जागा बदलल्या," तो म्हणाला. "काल बंद ठेवला ना. जागा बदलल्या, आणि मी जुने आकडे नव्या जागांवर..." त्यानं कपाळाला हात लावला. "वहिनी, दाजींना कसं सांगू मी?"

"तुम्ही सांगू नका," हर्षाली म्हणाली. "मी सांगते."

तिनं सिव्हिलमध्ये सांगितलं, सगळ्यांसमोर, असं मागून कानावर आलं. मला आता कान एकच असला तरी जिन्यात सगळं ऐकू येतं. नवनाथनं ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. वत्सलाबाईनं सांगितलं, जिन्यावरून पडले. पोलिसालाही तेच सांगितलं. दसऱ्याला खोटं बोलायचं नसतं असं मानणारी बाई ती.

नवनाथनं दुसऱ्या दिवशी गॅरेजातला टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि त्याच पान्यानं फोडला. सवय तीच, फक्त दिशा बदलली. मग माझ्या झाकणाला चिकटपट्टी लावली, वरची वायर घट्ट बसवली आणि जिन्यातून हाक मारली, "अमोल, नेट येतंय का बघ रे." वरून खोकी ओढल्याचा आवाज आला. वर सामान बांधणं चाललं होतं. हर्षालीनं पाथर्डी फाट्याला खोली बघितली होती. "आई, चला आमच्याबरोबर," ती म्हणाली. "मी गेले तर ह्याला कोण धरंल," वत्सलाबाई म्हणाली. धरायला आता तिच्याकडे हात एकच होता.

आता माझी विनंती ऐका, मित्रांनो. मी आकडे सांभाळतो, परतही देतो. पण पंगत उठून पुन्हा बसली असेल, तर आधी कोण कुठल्या पाटावर बसलंय ते बघा आणि मग आकडा वाचा. आणि जो आकडा तुम्हाला मनापासून हवा होता तोच समोर आला, तर दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघायला लागतो तेवढाच वेळ पाना वर जाऊन खाली यायला लागतो. आमच्यासारख्यांना पुसा, झाका, वर्षातून एकदा विसावा द्या. पण आमच्या तोंडाकडे बघून भावावर हात उचलू नका. आमच्या तोंडावर फक्त दिवे असतात.

यंदा पुन्हा खंडेनवमी झाली. हत्यारं धुतली, मांडली. तो पाना मात्र मांडला नाही. तो कुठं आहे हे नवनाथ सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. वत्सलाबाई जिन्याच्या वळणावर आली. उजव्या हाताचं मनगट वाकडंच जुळलंय, त्यानं भाकरी थापता येत नाही, वाटी धरता येते. वाटी त्या हातात आणि डाव्या हाताच्या बोटावर कुंकू. बोट घसरलं, कुंकू माझ्या कपाळाला न लागता तुटक्या कानाच्या खुंटाला लागलं. तिनं ते पुसलं नाही. नवनाथ खालच्या पायरीवर उभा राहून बघत होता.

तर अखेरचा हिशोब असा. नवनाथला हव्या होत्या त्या दोन्ही खोल्या मिळाल्या, गच्ची मिळाली, टाकी मिळाली. खोल्यांना कुलूप आहे आणि आरसा अजून आणलेला नाही. हर्षालीची नोकरी टिकली, घर गेलं. अमोलचं नाक वाकडं झालं, डावा हात शाबूत राहिला. सनीनं या घरात येणं सोडलं. माझा एक कान गेला. आणि माझ्या अख्ख्या तक्त्यात, पहिल्या पाटापासून शेवटच्यापर्यंत, वत्सलाबाईचं नाव कुठंच नाही. तिच्याकडे मोबाईलसुद्धा नव्हता. माझ्या पंगतीत तिनं कधी घासभरही घेतलं नाही, आणि बिल चुकतं केलं ते तिनंच.